गृहसंगीत : अनुरणनाचे यंत्र घेण्यापूर्वी

ह्या सदराकडे येणारी पत्रे बहुधा पेटी, तबला आणि मुलामुलींच्या गाण्याची शिकवणी ह्यांविषयीची असतात. ह्या खेपेस बीड जिल्ह्यातील चौसाळ्याहून आलेले पत्र मात्र निराळे आहे. पत्रलेखक गृहस्थ एका मोठ्या एकत्र कुटुंबातील वडीलधारे असून त्यांच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव बीडला महाविद्यालयात शिकतात व गेली दोन वर्षे इलेक्ट्रिक गिटार वाजवितात. सुट्टीत घरी आले म्हणजे एकादशीच्या भजनाला साथ करितात, आणि गावच्या सप्ताहातही त्यांना एकदोनदा बसविण्यात आले आहे. ह्या चिरंजीवांना आता ‘रिव्हर्ब’ नावाचे, पायाने दाबून चालू-बंद करावयाचे एक लहानसे यंत्र हवे आहे. वादक मंडळी त्याला नुसते ‘पेडल’ म्हणतात. किंमत पंधरा हजारांच्या घरात. नेमक्या त्याच सुमारास घरातील जुन्या पेटीचा भाता फाटला असून तिचे दोन सूर बोलेनासे झाले आहेत. तेव्हा पैसा कोठे घालावा ह्यावरून घरात सरळ दोन पक्ष पडले आहेत. आजींचे म्हणणे असे की, त्या वाद्याचा आवाज आधीच विहिरीतून आल्यासारखा येतो, त्यात आणखी भर कशाला? काका विचारतात की, हे यंत्र म्हणजे खेळणे की गरज, आणि घ्यावयाचेच झाले तर ते कोणते घ्यावे?

प्रश्न साधा दिसतो. पण त्यामागे घरातील एका तरुणाची आवड आणि दुसरीकडे घराची सामाईक पेटी असल्यामुळे त्याचे उत्तर चार ओळींत उरकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

‘रिव्हर्ब’ ह्या शब्दाने दचकून जाण्याचे कारण नाही. त्या कल्पनेला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, आणि तोही मराठवाड्याच्याच भूमीत रचलेल्या ग्रंथात सापडतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याचा हुद्दा हिशेबाच्या खात्यावरचा. परंतु त्याचे नाव राहिले ते ‘संगीतरत्नाकर’ ह्या ग्रंथामुळे. स्वर म्हणजे काय हे सांगताना तो म्हणतो की, श्रुतीच्या पाठोपाठ उमटणारा, स्निग्ध आणि अनुरणनरूप असा जो ध्वनी तो स्वर. म्हणजे आघाताचा पहिला क्षण हा त्याच्या लेखी स्वर नव्हेच. त्या क्षणामागून जे रणत राहते त्याला स्वरपण येते. शार्ङ्गदेवाच्या मनात तारेचे स्वतःचे अनुरणन होते आणि आपल्या पुढ्यातील यंत्र जागेच्या अनुरणनाची नक्कल करिते, हा भेद आहे खरा. तरीपण शब्द चपखल आहे, आणि पुढे आम्ही तोच वापरणार आहो.

अनुरणन म्हणजे प्रतिध्वनी नव्हे, हेही येथेच सांगून टाकू. डोंगरासमोर हाक मारली असता ती वेगळी होऊन परत येते, तो प्रतिध्वनी. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो; म्हणून समोरची भिंत सतरा मीटरांवर असेल तर आवाज जाऊन येण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि कानाला मूळ आवाज व परतलेला आवाज निरनिराळे कळू लागतात. भिंती जवळ असल्या म्हणजे शेकडो परावर्तने इतक्या दाटीने येतात की ती सुटी ओळखू येत नाहीत. मूळ स्वराला एक शेपूट फुटल्यासारखे वाटते व ते हळूहळू विरते. ते अनुरणन. विजापूरच्या गोल घुमटात (तो मुहम्मद आदिलशहाची कबर म्हणून बांधला गेला व १६५६ साली तयार झाला) एका टाळीचे अनेक प्रतिध्वनी एकामागून एक मोजता येतात, आणि वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेला शब्द सुमारे सव्वाशे फुटांवर समोरच्या बाजूस ऐकू येतो. सर चंद्रशेखर रामन ह्यांनी ह्या चमत्काराचा शास्त्रीय अभ्यास केलेला आहे. ह्याच्या उलट वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुतार-झोपडी म्हणतात, तेथे एखादा स्वर लावून थांबले की तो सुटा होऊन परतत नाही; दगडी कमानींखाली तोच स्वर घोळत राहतो. ज्यांनी दोन्ही स्थळे पाहिली आहेत त्यांना आणखी व्याख्येची जरूर नाही.

आता इलेक्ट्रिक गिटारलाच ह्याची गरज का लागावी? तंबोऱ्याला भोपळा असतो, सतारीला भोपळा असतो व वर तरफांच्या तारा असतात. मुख्य तार छेडली की स्वरात मिळविलेल्या तरफा आपोआप बोलू लागतात. म्हणजे मिरजेच्या कारागिरांनी वाद्याच्या पोटातच अनुरणनाची सोय करून ठेविली आहे. (मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट ह्या सदराच्या वाचकांना आनंद देईल.) इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे. तारांखाली बसविलेले लोहचुंबकाचे वेटोळे फक्त पोलादी तारेचे कंपन टिपते. खोलीत काय घुमले ह्याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे ॲम्प्लिफायरमधून निघणारा स्वर अगदी कोरडा, शब्दशः हाडासारखा कोरडा, असतो. त्याला थोडी ओल देणे ही वादकाची हौस नव्हे, वाद्याच्या घडणीतच ती उणीव आहे. म्हणून काकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, हे खेळणे नव्हे.

परंतु आजींचे वाक्य आम्ही दोनदा वाचले. विहिरीतून आल्यासारखा आवाज! पेडल तर अजून घरात आलेलेही नाही. मग विहीर कोठून आली?

ती खोलीतून आली. चौसाळ्यासारख्या बालाघाटाच्या माथ्यावरील गावांत जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, लाकडी तुळयांवर मातीचे माळवद घातलेली आणि सारवलेल्या जमिनीची असत. त्यांत सामानसुमान, धान्याच्या कणग्या, वळचणीला टांगलेली कापडे. अशा घरात ध्वनी फार घुमत नाही. माती, लाकूड आणि कापड त्याला पिऊन टाकतात. हल्ली मात्र त्याच वाड्यांच्या जागी सिमेंटच्या स्लॅबच्या खोल्या उठल्या आहेत. गुळगुळीत गिलावा आणि खाली चकचकीत फरशी. पत्रात खोलीचे माप दिले आहे, लांबी बारा फूट, रुंदी दहा आणि उंचीही दहा, हे फार बरे झाले, कारण त्यावरून हिशेबच मांडता येतो.

हा हिशेब वॉलेस सॅबाइन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने घालून दिला. हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात बोलणाऱ्याचा शब्द ऐकणाऱ्याला कळेना. शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. १८९५ साली ते काम सॅबाइनकडे आले. तो रात्री सर्वत्र सामसूम झाल्यावर शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या उचलून आणी, त्या थोड्या थोड्या मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करी आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ मोजी. सकाळ होण्यापूर्वी गाद्या परत जागच्या जागी ठेवी. ह्या खटाटोपातून त्याला जो नियम गवसला त्याच्याच आधारे १९०० साली बोस्टनचे सिंफनी हॉल उभे राहिले, आणि संगीतासाठी जगातील उत्तम सभागृहांत त्याची आजही गणना होते. नियम असा : खोलीच्या घनफळाला ०·०४९ ने गुणावे आणि खोलीतील एकंदर शोषणाने भागावे (मापे फुटांत), म्हणजे स्वर विरण्यास लागणारा काळ सेकंदांत निघतो. विरणे म्हणजे किती, तर मूळ तीव्रतेच्या दशलक्षांशापर्यंत उतरणे.

चौसाळ्याची खोली रिकामी धरू. घनफळ १२०० घनफूट. भिंती, छत व जमीन मिळून पृष्ठभाग ६८० चौरस फूट. गुळगुळीत गिलावा व फरशी शेकडा तीनच्या आसपास ध्वनी शोषतात, म्हणजे एकंदर शोषण सुमारे २०. भागाकार केला असता जवळजवळ २·९ सेकंद येतात. एवढ्याशा खोलीत तीन सेकंद! बोस्टनच्या त्या विशाल सभागृहातदेखील, श्रोते बसले असता, हा काळ दोन सेकंदांच्या आतच असतो. आजींच्या कानांनी सॅबाइनच्या गणिताशिवाय बरोबर निदान केले आहे, आणि चिरंजीवांनी ते थट्टेवारी नेऊ नये.

आता त्याच खोलीत दोन कापसाच्या गाद्या टाका, खिडकीला जाड पडदा लावा, भिंतीवर एक सतरंजी टांगा आणि चार माणसे बसवा. शोषण २० वरून ७५-८० च्या आसपास जाते आणि अनुरणन पाऊण सेकंदावर येते. गाद्या घरात आहेतच, माणसांना एकत्र कुटुंबात तोटा नसतो. ह्या प्रयोगाला पैसा पडत नाही. आणि हा केल्याशिवाय पेडल विकत घेणे म्हणजे पाण्याची चव न पाहता पन्हे करण्यासारखे आहे.

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. वाजविणारा बहुधा पेडलकडे आपल्या वाद्याचा अलंकार म्हणून पाहतो. वास्तविक पेडल म्हणजे एक नकली जागा आहे, आणि ती नेहमी एखाद्या खऱ्या जागेच्या आत वाजते. आत काय निवडावे हे बाहेर काय आहे त्यावर ठरते. बीडच्या कंकालेश्वराचे उदाहरण घ्या. कुंडाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या चालुक्य धाटणीच्या देवळात चारी बाजूंनी घडीव दगड; तशा दगडी मंडपात कोणी गिटार घेऊन बसलाच तर त्याने पेडल पिशवीतच ठेवावे, जागा सर्व काम करील. तेच सप्ताहाच्या मांडवात पाहा. वर कापड, तिन्ही बाजू मोकळ्या, समोर हजार माणसे. तेथे गेलेला आवाज परत येतच नाही. उघड्यावर अनुरणन जवळजवळ शून्य. घरात जे यंत्र नकोसे झाले तेच येथे उपयोगी पडते. चिरंजीवांनी घरच्या खोलीत बसून पेडलच्या खुंट्या लावल्या व तशाच मांडवात नेल्या, तर दोहोंपैकी एका ठिकाणी त्यांची फसगत ठरलेली.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी वाचक देतील. गावोगावच्या सप्ताहांतून ध्वनिवर्धक चालविणाऱ्या मंडळींना ‘इको’ नावाच्या बटणाचे जे वेड लागले आहे त्याने कीर्तनाचे फार नुकसान होत आहे. अभंगाचा चरण संपतो न संपतो तोच त्याच्या शेवटच्या दोन मात्रा तीन वेळा परत येऊन पुढच्या चरणावर आदळतात. बुवा काय निरूपण करितात हे दहाव्या रांगेपासून पुढे कळत नाही, आणि लोक मात्र ‘आवाज काय दणदणीत!’ म्हणून माना डोलावतात. बोलण्यासाठी अनुरणन एका सेकंदाच्या आत हवे हे तत्त्व सभागृहे बांधणारे लोक शंभर वर्षांपासून पाळीत आले आहेत. गिटारचे पेडल जोडलेली तार जर ह्याच मिश्रकपेटीत जाणार असेल, तर एका नकली जागेत दुसरी नकली जागा बसते व स्वराचे नुसते पीठ होते. चिरंजीवांनी वाजविण्यापूर्वी ध्वनिवर्धकवाल्या दादांना नम्रपणे विनंती करावी की, माझ्या वाहिनीवरचा इको बंद ठेवा. एवढ्या एका वाक्याने जे साधेल ते महाग यंत्राने साधणार नाही.

आता यंत्राच्या जातींकडे वळू. पेडलवरील फिरकीभोवती जी नावे छापलेली असतात, स्प्रिंग, प्लेट, हॉल, रूम वगैरे, ती मनास येतील तशी दिलेली नसून प्रत्येकामागे एकेक खरी वस्तू होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी प्रथम खऱ्याच खोल्या वापरल्या. १९४७ साली शिकागोच्या बिल पटनम ह्या अभियंत्याने बाजाच्या एका लोकप्रिय तबकडीसाठी स्टुडिओतील स्नानगृहच उपयोगात आणिले : आत ध्वनिक्षेपक, समोर मायक्रोफोन. (ज्यांची मुले न्हाणीघरात गातात त्यांनी रागावू नये, ती शास्त्रशुद्ध वर्तन करीत आहेत.) पुढे १९५७ साली जर्मनीतील ईएमटी कंपनीने पोलादाचा एक विस्तीर्ण पातळ पत्रा चौकटीत ताणून टांगला. त्याला एका ठिकाणी कंप द्यावयाचा आणि दुसऱ्या ठिकाणी तो टिपावयाचा. हीच ‘प्लेट’, तिचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होते, म्हणजे ती स्टुडिओबाहेर काढण्याची सोयच नव्हती. स्प्रिंगची युक्ती त्याहून सुटसुटीत. एका पत्र्याच्या पेटीत दोनतीन बारीक स्प्रिंगा ताणून बसविलेल्या, एका टोकाला हेलकावा द्यावा व दुसऱ्या टोकाला तो पुन्हा विजेत पालटून घ्यावा. हॅमंड ऑर्गनसाठी ही युक्ती रूढ झाली, आणि फेंडर कंपनीने १९६३ पासून ती गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्येच घातली. असा ॲम्प्लिफायर जोरात आपटला तर आतून मेघगर्जनेसारखा आवाज येतो, तो त्या स्प्रिंगांचा. सतारीच्या तरफांशी स्प्रिंगचे नाते जवळचे वाटते खरे; परंतु तरफा रागाच्या स्वरांत मिळविलेल्या असतात आणि स्प्रिंगेला कोणताच राग ठाऊक नसतो. ती जे येईल त्याला सारखेच झणत्कारत राहते.

हे सर्व आकड्यांनी करता येईल अशी कल्पना मॅनफ्रेड श्रोडर ह्या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांत मांडली. पायाखाली मावेल एवढ्या आकारात ती उतरण्यास आणखी पाव शतक जावे लागले. जपानच्या बॉस कंपनीने १९८७ साली आरव्ही-२ नावाचे पेडल काढले, तेव्हापासून ह्या वस्तूचा प्रसार झाला. आज मिळणाऱ्या बहुतेक पेडलांत एकच इवलासा गणक असतो व तोच आळीपाळीने स्प्रिंग, प्लेट, दिवाणखाना व देऊळ ह्यांची सोंगे घेतो.

कोणते सोंग कामाचे? भजनाची साथ आणि रागदारीतील थोडेफार आलाप, एवढाच चिरंजीवांचा वापर असल्यामुळे ‘रूम’ किंवा ‘प्लेट’ ह्यांवर ते सुखी होतील. स्प्रिंग छान वाजते, पण तिचा रंग सागरकिनाऱ्यावरील अमेरिकन नृत्यगीतांचा आहे, तो अभंगाला चिकटविला की परका वाटतो. ‘हॉल’ मोठा, मांडवात क्वचित शोभेल. हल्ली ‘शिमर’ म्हणून एक प्रकार तरुणांत फार प्रिय झाला आहे. त्यात विरणाऱ्या शेपटीत एक सप्तक वरचा स्वर मिसळला जातो व जणू दूरवर ऑर्गन वाजत आहे असा भास होतो. पहिल्या दिवशी तो फार सुंदर वाटतो. दहाव्या दिवशी प्रत्येक गाणे सारखे वाटू लागते. आमच्या मते त्यासाठी पैसे मोजू नयेत.

सोंगापेक्षा खुंट्या महत्त्वाच्या. तीन बहुतेक पेडलांवर असतात. एक, किती वेळ विरावे. दुसरी, कोरड्या स्वरात ओला किती मिसळावा. तिसरी, शेपटीचा स्वर उजळ असावा की मंद. काही यंत्रांत चौथी, मूळ स्वर व त्याचे अनुरणन ह्यांमध्ये किंचित उसंत ठेवणारी, सापडते. ही चौथी असेल तर उत्तम, कारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकी उसंत दिली तरी आघात स्वच्छ राहतो व अनुरणन त्याच्या मागे येऊन बसते. जणू पहिली भिंत साडेतीन मीटर दूर सरकली.

पण खरी गोम पहिल्या खुंटीत आहे, आणि ती पाश्चात्त्य पुस्तकांत सापडणार नाही. त्यांचे संगीत स्वरसंवादांवर, अनेक स्वर एकदम वाजण्यावर, उभे आहे. मागचा स्वर पुढच्यात मिसळला तर त्यांना पुष्कळदा तो लाभच. आपल्याकडे एका वेळी एकच स्वर, आणि त्याचा पुढच्याशी संबंध मींडेने जोडलेला. देस किंवा खमाज रागात चढताना शुद्ध निषाद व उतरताना कोमल निषाद येतो. अनुरणन तीन सेकंदांचे असेल तर उतरतानाच्या कोमल निषादाखाली चढतानाचा शुद्ध निषाद अजून रेंगाळत असतो. दोघांची टक्कर होते आणि वादकाचा हात बेसूर नसताना राग बेसूर होतो. मींडेचे तर बोलूच नये. ती ज्या ज्या ठिकाणाहून घसरत गेली त्या प्रत्येक ठिकाणाचा धूर मागे राहतो. लयीचेही तसेच. मिनिटाला १२० मात्रांची लय म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तीन सेकंदांच्या शेपटीत सहा मात्रा बुडाल्या. भजनी ठेक्याला तर आठच मात्रा! तंबोरा सतत रुणझुणत असूनही राग बिघडवीत नाही, कारण तो षड्ज आणि पंचम अशा स्थिर स्वरांनाच धरून राहतो. पेडलला हा विवेक नाही. म्हणून आलापात फार तर दीड सेकंद, आणि ठेका सुरू होताच त्याहून निम्मे, अशी मर्यादा चिरंजीवांनी स्वतःस घालून घ्यावी.

खरेदीचे थोडक्यात सांगतो. चिनी बनावटीची लहान पेडले सुमारे चार-पाच हजारांपासून मिळतात. बॉसचे आरव्ही-६, टीसी इलेक्ट्रॉनिकचे हॉल ऑफ फेम ह्या जातीची नामांकित यंत्रे त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा अधिक, आणि स्ट्रायमनसारख्या कंपन्यांची त्याहूनही पुष्कळ वर. महाग यंत्रात शेपूट अधिक मऊ विरते, खरखर कमी असते, दोन ध्वनिक्षेपकांना निरनिराळा आवाज देता येतो. ह्यांपैकी शेवटच्या गोष्टीचा मांडवात काडीचा उपयोग नाही, कारण तेथे सर्व कर्ण्यांना एकच आवाज जातो. आधी चिरंजीवांचा ॲम्प्लिफायर उलटसुलट करून पाहावा; पुष्कळ ॲम्प्लिफायरांत अनुरणनाची एक खुंटी असतेच व ती कोणी फिरविलेली नसते. नसेल तर साध्यातले, तीन-चार सोंगांचे पेडल ह्या घटकेस पुरे. पंधरा हजारांतून ते घेऊन जे उरेल ते पेटीच्या भात्याला व त्या दोन सुरांना लावावे, असे आम्ही उघड सुचवितो. ही पक्षपाताची तडजोड नव्हे. ज्या घरात पेटी सुरात आहे त्या घरातील गिटारवाल्याला आपला स्वर तपासण्यास एक साक्षीदार मिळतो, आणि असा साक्षीदार कोणत्याही पेडलमध्ये नसतो.

दुकानात, मग ते मुंबईचे १८६५ पासूनचे फुर्टाडो असो की पुण्याचे एखादे, आपली गिटार घेऊन जावे. तेथील गिटार व तेथील ॲम्प्लिफायर आपल्या घरी येणार नाहीत. मिसळण्याची खुंटी शून्यावर ठेवून एक सावकाश मींड वाजवावी. मग खुंटी इतकीच वाढवावी की अनुरणन आहे असे प्रथम कळेल. आणि तेथून थोडी मागे घ्यावी. योग्य जागा बहुधा तीच असते. मग एकाएकी पेडल बंद करावे. बंद केल्यावर ‘अरेरे’ असे वाटले पाहिजे. चालू असताना ‘वाहवा’ वाटत असेल तर प्रमाण जास्त झाले आहे. शेवटी खुंट्या पूर्ण वाढवून काही न वाजविता ऐकावे. सूं असा आवाज मोठा येत असेल तर मांडवात तो दसपट होईल.

चिरंजीवांना स्वतंत्रपणे एक सांगणे आहे. रोजचा अभ्यास पेडल बंद ठेवून, गाद्या टाकलेल्या खोलीत करावा. अनुरणन फार दयाळू असते. दोन स्वरांमधील तुटलेली जागा ते सांधून देते, बोट तारेवरून वेळेपूर्वी उचलले तरी लपविते, थोडा कमी लागलेला गंधार गर्दीत घालविते. ज्याला ही दया रोज मिळते त्याला आपले दोष ऐकू येत नाहीत. कोरड्या खोलीत अर्धा तास वाजविले की ते सर्व दोष समोर येऊन बसतात. प्रसंग अप्रिय खरा, पण त्या अर्ध्या तासावाचून हाताला वळण लागत नाही.

राहिली वीज. ही पेडले बहुधा नऊ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनेत ऋण टोक मध्यभागी असते. पुष्कळशा साध्या अडॅप्टरांत ते उलट असते, तेव्हा घरात पडलेला कोणताही अडॅप्टर जोडू नये. अडॅप्टरवर जेवढे मिलिअँपिअर लिहिले असतील ते पेडलच्या गरजेहून अधिक असले तर चालतात, कमी चालत नाहीत. अनुरणनाची पेडले शंभर मिलिअँपिअरच्या आसपास वीज खातात. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी त्यावर चार-पाच तासही धड टिकत नाही. सप्ताहाच्या रात्री तिच्यावर विसंबू नये.

आणि सर्वांत शेवटी जे सांगावयाचे ते काकांना, कारण हे काम वडीलधाऱ्यांचेच. ॲम्प्लिफायर जेथे जोडला जातो तेथील तीन पिनांच्या खाचेत तिसरी पीन खरोखर जमिनीला जोडलेली आहे की नाही, हे जाणत्या वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. कित्येक घरांत व मांडवांत ती नुसती शोभेची असते. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीशी जोडलेल्या असतात, आणि वादकाचा हात तारांवर व ओठ मायक्रोफोनला लागतात. दोहोंपैकी एकात वीज उतरली तर मधला माणूस तार होतो. अशा अपघातांत वादकांचे प्राण गेलेले आहेत. गूं असा सतत आवाज येत असेल अथवा तारेला हात लावता मुंग्या येत असतील, तर त्या दिवशी वाजविणे बंद. आवाज थांबावा म्हणून काही जण तिसरी पीन कापून टाकतात. ते कोणाच्याही घरी होऊ देऊ नये. बीडला चिरंजीव ज्या खोलीत राहतात तेथील खाचही पुढच्या भेटीत पाहून यावी.

तबल्याच्या शाईला पावसाळ्यात तडे जातात त्याविषयी दोन भगिनींची पत्रे आली आहेत. त्यांचा परामर्श पुढील अंकी घेऊ.